भिंतीत बसवलेले वाडगे

ठाणं हे मोठ्या खाडीवरचं देखणं गाव आहे, तिथे जहाजं नांगर टाकतात, जवळच्या डोंगरांत बांबू होतो आणि वंशलोचन मिळतं, अशा अर्थाची नोंद ११५४ साली पूर्ण झालेल्या एका अरबी ग्रंथात आहे. सोपारा आणि चौलही त्यात आहेत. हा ग्रंथ लिहिला गेला सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात. लिहिणारा अल-इद्रिसी, मुसलमान भूगोलकार. लिहवून घेणारा दुसरा रॉजर, नॉर्मन वंशाचा ख्रिस्ती राजा. दूरदूरचे मुलूख पाहिलेल्या प्रवाशांना विचारायचं, एकाचं सांगणं दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून पाहायचं, असं हे काम वर्षानुवर्षं चाललं होतं. माझा जन्म ठाण्यातला आणि सगळं आयुष्यही तिथेच गेलं. आमच्या खाडीचं नाव साडेआठशे वर्षांपूर्वी ज्या दरबारात लिहिलं गेलं ते शहर पाहायचं, हे मनात बरीच वर्षं होतं. सप्टेंबरात उन्हं जरा उतरल्यावर मी आणि माझी मैत्रीण निघालो.

पालेर्मो डोळ्यांआधी कानांना भेटतं. बल्लारोच्या बाजारात शिरण्यापूर्वी दोन गल्ल्या अलीकडेच विक्रेत्यांचे पुकारे ऐकू येतात. आमच्या जांभळी नाक्यावर भाजीवाले भाव ओरडतात. इथे ते गातात. एक जण लांब हेल काढतो, तो उतरायच्या आत पलीकडचा त्याच्यावर आपला सूर चढवतो. मासळीच्या फळीवर तलवार माशाचं मुंडकं उभं ठेवलेलं, पातं आभाळाकडे. पानांसकट लिंबं, दगडी पाट्यावर ऑलिव्हचे ढीग, आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या पाटीत चक्क दुधीचे कोवळे शेंडे. त्याचं इथे पातळ सार करतात, त्यात शेवयांचे तुकडे घालतात. मी पानं उलटी करून लव बघितली तशा बाई प्रसन्न हसल्या. परक्या बाईला भाजी पारखता येते याचं त्यांना अप्रूप वाटलं असावं.

कोपऱ्यावर एक जण पानेल्ले तळत होता. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मीठ-पाण्यात घोटून शिजवायचं, पार्स्ली घालायची, थापून गार करायचं, वड्या कापायच्या. इथवर आपली पाटवडीच. पुढे तो ती कढईत सोडतो आणि तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळतो. इंग्रजी जाणणाऱ्या एका मुलाच्या मदतीने मी त्याला सांगितलं की आम्ही फोडणीत पीठ शिजवतो आणि वड्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर पेरतो. त्याने झारा हातात तसाच धरून सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, “पण सिन्योरा, मग तळत नाही?” नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलेलं स्पष्ट दिसलं. पैसे देताना त्याने आणखी दोन पानेल्ले कागदात बांधून दिले.

या बाजारात जे जे रचलेलं असतं त्यातलं कितीतरी ८३१ नंतर इथे रुजलं. त्या वर्षी अरबांनी पालेर्मो घेतलं. त्यांच्यामागून लिंबू, वांगं, ऊस, कापूस आला आणि जमिनीखालून पाणी खेळवायची विद्याही आली. १०७२ मध्ये नॉर्मन सरदारांनी शहर जिंकलं, पण बागा, कालवे, हिशेबनीस आणि कारागीर त्यांनी उखडले नाहीत. ११०९ साली रॉजरची आई आदेलाइद हिने काढलेला एक हुकूम पालेर्मोच्या दफ्तरखान्यात आजही आहे. तो ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांत आहे आणि कागदावर आहे. युरोपात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या कागदी दस्तांत त्याची गणना होते.

राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना हे रॉजरचं खासगी प्रार्थनामंदिर. ११४० मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. आत पाऊल टाकलं आणि मैत्रिणीने माझा दंड धरला, इतकं सोनं एकदम अंगावर येतं. घुमटात ख्रिस्त, भोवती देवदूत, आणि त्यांच्याभोवतीची अक्षरं ग्रीक; हे काम बायझंटाइन परंपरेतल्या मोझेककारांचं. भिंतींवर बायबलमधल्या कथा, त्यांवरची अक्षरं लॅटिन. पायाखाली जांभळट लाल आणि हिरव्या दगडांची जडावाची फरशी. मग मान आणखी मागे टाकायची आणि लाकडी छत बघायचं. लहान लहान कोनाड्यांचे थर एकावर एक कलते बसवलेत, मध्ये आठ टोकांच्या चांदण्यांच्या दोन रांगा, आणि कडांनी कूफी वळणाची अरबी अक्षरं. त्या अक्षरांत राजाला आरोग्य, यश, भरभराट चिंतलेली आहे. अरबी मुलखांतल्या राजवाड्यांत असतं तसं हे छत, खाली चर्च.

मी लहान दुर्बीण नेली होती. तिच्यातून एकेका कोनाड्यात बघत गेलं की माणसं दिसायला लागतात. एक जण मांडी घालून बसलाय, हातात पेला, डोळे मोठे आणि काळेभोर. शेजारी वीणेसारखं वाद्य वाजवणारा. बुद्धिबळ मांडून बसलेले दोघे. हौदा घातलेला उंट. नाचणारी बाई, तिच्या बाह्या हातांच्याही पुढे गेलेल्या. मांडी घालून बसलेल्या त्या माणसापाशी मी फार वेळ थांबले. आजूबाजूच्या सगळ्या भिंतींवर संत उभे आहेत किंवा सिंहासनावर बसलेत. हा एकटा आपल्याकडच्या बैठकीत बसावा तसा ऐसपैस बसलाय. ज्या चित्रकाराने तो काढला त्याने असे बसणारे लोक रोज पाहिले असणार. त्याचं नाव कुठेच नाही.

राजवाड्याच्या भिंतीत एक पाटी आहे, ११४२ सालची, राजाने करवून घेतलेल्या पाण्याच्या घड्याळाची. मजकूर लॅटिन, ग्रीक, अरबी अशा तीन भाषांत. रॉजरचा लाल रेशमी राजझगा मात्र इथे नाही, तो आता व्हिएन्नात आहे. त्यावर उंटांवर झेप घेणारे दोन सिंह सोन्याच्या धाग्यांनी भरलेत आणि काठावर अरबीत लिहिलंय की तो पालेर्मोच्या राजशाळेत हिजरी ५२८ मध्ये झाला. पुढे पवित्र रोमन सम्राट राज्याभिषेकाला हाच झगा घालत आले.

हे सगळं पाहून झाल्यावर प्रवासी पुस्तिका सांगते: पालेर्मो म्हणजे तीन धर्मांचा एकोपा. मला ते तसं पटत नाही, आणि न पटण्याचं कारण राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, मार्तोराना चर्चमध्ये आहे. ते ११४३ च्या सुमाराला बांधलं अँटिऑकच्या जॉर्जने, रॉजरच्या आरमारप्रमुखाने. दारापाशी आतल्या बाजूला दोन मोझेक आहेत. एकात ख्रिस्त स्वतः रॉजरच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. रॉजरचा पेहराव बायझंटाइन सम्राटाचा. दुसऱ्यात जॉर्ज मेरीच्या पायांशी लोटांगण घालून पडलाय. चर्चची देखभाल करणारे गृहस्थ आमच्या मागेमागे हळू आवाजात समजावून सांगत होते. इथली उपासना आजही ग्रीक पद्धतीची आहे, ती चालवणारी मंडळी शेकडो वर्षांपूर्वी अल्बेनियाकडून आलेल्यांचे वंशज. खांबांवर अरबी अक्षरं दाखवताना त्यांनी बोट दगडापासून वीतभर लांब धरलं. दगडाला स्पर्श करू नये हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं.

जॉर्ज जन्माने सीरियाकडचा ग्रीक ख्रिस्ती. तरुणपणी तो आजच्या ट्युनिशियातल्या महदियाच्या मुसलमान अमिराच्या चाकरीत होता. तिथे बिनसलं तसा तो रॉजरकडे आला. ११४८ मध्ये त्यानेच रॉजरचं आरमार घेऊन महदिया जिंकलं. त्या किनाऱ्याची भाषा, बंदरं, माणसं त्याला ठाऊक होती, म्हणूनच रॉजरला तो हवा होता. मला वाटतं, या काळाची किल्ली इथे आहे. राजांना एकमेकांची माणसं आवडत होती असं नाही. एकमेकांच्या माणसांवाचून त्यांचं चालत नव्हतं. गरज होती तोवर कूफी अक्षरं चर्चच्या छतावर शोभली.

झिसा राजवाडा शहराच्या पश्चिमेला. रॉजरनंतर गादीवर आलेल्या पहिल्या विल्यमने सुरू केलेला आणि दुसऱ्या विल्यमने पुरा केलेला हा उन्हाळी महाल. दिवाणखान्याच्या कोनाड्यात भिंतीतून पाणी येतं, नक्षीच्या संगमरवरी उतारावरून फरशीतल्या पन्हळीत उतरतं, आणि समुद्राकडची झुळूक त्यावरून आत येते, अशी योजना. वरच्या दालनांत एक संगमरवरी शिळा आहे. ग्रिसान्दुस नावाच्या, राजाच्या पदरी असलेल्या पाद्र्याने ११४९ मध्ये आपल्या आईसाठी, आन्नासाठी, ती करवली. मध्ये रंगीत दगडांचा क्रूस आणि चारही अंगांना मजकूर: एकीकडे लॅटिन, एकीकडे ग्रीक, एकीकडे अरबी, आणि एकीकडे हिब्रू लिपीत लिहिलेली अरबी. प्रत्येक मजकुरात साल त्या त्या लोकांच्या कालगणनेप्रमाणे. एक मुलगा, एक आई, आणि शोक मात्र शहरातल्या प्रत्येकाला वाचता यावा असा. एकोपा म्हणतात तो मला इथे, या एका दगडात दिसला.

मोंरेआले डोंगरउतारावर. दुसऱ्या विल्यमने उभारलेल्या त्या कॅथेड्रलमध्ये सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक आहे. खरं सांगायचं तर मला ते फार झालं. पालातिनाचं लहानपण हेच तिचं बळ आहे. पण ओवऱ्यांतले २२८ खांब एकेक पाहत फिरावं, आणि दर्शनी दारापाशी थांबावं. काशाचं ते दार ११८६ मध्ये पिसाच्या बोनान्नोने घडवलं. ज्या पिसाने सव्वाशे वर्षांपूर्वी पालेर्मोचं बंदर लुटलं, तिथूनच दार मागवलं गेलं.

पश्चिमेकडे निघालो तसं ताट बदललं. त्रापानीला पास्त्याच्या जागी कूसकूस येतो: रव्याच्या हाताने वळलेल्या बारीक कण्या, वाफवलेल्या, आणि वर माशांचा रस्सा. जिच्या खाणावळीत जेवलो ती बाई मातीच्या पसरट परातीत बोटं फिरवत रवा वळत होती. पाण्याचा हबका, बोटांचा एक फेर, पुन्हा हबका. आमच्याशी बोलताना तिने परातीकडे एकदाही पाहिलं नाही.

याच त्रापानीत ११८५ च्या सुरुवातीला इब्न जुबैर जहाजाची वाट पाहत थांबला होता. ग्रॅनाडाचा हा मुसलमान हज करून परतत होता तो ख्रिस्ती जेनोवाकरांच्या जहाजातून. मेसिनाजवळ ते फुटलं आणि तो वाचला. धर्मयुद्धांच्या काळातही मुसलमानांनी ख्रिस्ती जहाजांतून जाणं नित्याचं होतं. जेनोवाकरांना भाडं मिळे, हाजींना समुद्र ओलांडता येई. पालेर्मोच्या ख्रिस्ती बायका नाताळात रेशमी वस्त्रं, बुरखे, मेंदी अशा थेट मुसलमान बायकांच्या थाटात चर्चला जाताना पाहून तो थक्क झाला. पण त्रापानीत त्याने दुसरंही पाहिलं. तिथल्या एका प्रतिष्ठित मुसलमानाने आपली तरुण मुलगी यात्रेकरूंपैकी एकाला देऊ केली. त्याने तिच्याशी लग्न करावं किंवा कोणाशी लावून द्यावं, पण तिला मुसलमानी मुलखात न्यावं, एवढीच विनंती. काय येणार हे त्या बापाला दिसत होतं. ११८९ मध्ये दुसरा विल्यम गेला आणि पालेर्मोत मुसलमानांवर हात पडला. पुढे सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने उरलेल्यांना इटलीतल्या लुचेरा गावी नेऊन वसवलं. ज्यूंना १४९२ च्या फर्मानाने बेट सोडावं लागलं.

माझारा देल व्हाल्लो हे मच्छीमारांचं गाव. अरब फौजा ८२७ मध्ये याच बाजूला उतरल्या. आफ्रिकेचा किनारा इथून मुंबई–पुणे अंतरावर. माझ्या दृष्टीने या गावाचं महत्त्व वेगळं होतं. अब्राहम बेन यिजू हा महदियाचा ज्यू व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला सतराएक वर्षं राहिला. मिरी, सुपारी, लोखंड एडनला पाठवायचा, काशाची भांडी घडवून घ्यायचा. आशू नावाच्या दासीला त्याने ११३२ मध्ये मुक्त केलं; तीच त्याच्या मुलांची आई, असं अभ्यासक मानतात. ११४९ मध्ये तो एडनला परतला तेव्हा जॉर्जच्या आरमाराने महदिया घेतल्याची बातमी त्याच्यापर्यंत आली. भाऊ जगले की नाही हे न कळता त्याने पत्र लिहिलं: मी सुखरूप आहे, सगळ्यांना पुरेल इतकं कमावलंय, माझ्याकडे या. त्याचा भाऊ युसुफ हलाखीत सिसिलीला, या माझारात येऊन राहिला होता. युसुफचा मुलगा पुढे ईजिप्तला गेला आणि ११५६ मध्ये त्याचं बेन यिजूच्या मुलीशी लग्न झालं. चुलत भावंडांचं लग्न. आपल्याकडे मामेबहीण चालते, चुलत नाही, त्यांच्यात ते सर्वांत चांगलं मानत. मलबारच्या किनाऱ्यावर जन्मलेली मुलगी माझाराच्या मुलाला दिली गेली. देवाचं नाव असेल तो कागद टाकायचा नाही, या रिवाजामुळे जुन्या कैरोतल्या सिनेगॉगच्या कोठडीत ही पत्रं साठत गेली, म्हणून आपल्याला एवढं कळतं. आपणही जीर्ण पोथी केरात टाकत नाही, पण पाण्यात सोडतो. तिथे ती उरली.

माझाराच्या जुन्या वस्तीत आज ट्युनिशियन कुटुंबं राहतात. पुरुष सिसिलीच्या बोटींवर काम करतात. धक्क्यावर जाळी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क माणसाला आम्ही गाव विचारलं. “महदिया,” तो म्हणाला आणि सुईनेच समुद्राकडे खूण केली. इथली बरीच घरं मूळची महदियाचीच आहेत. त्याच्या बायकोने पुदिन्याचा चहा पाठवला, आणि तो पिऊन होईपर्यंत त्याने आम्हाला उठू दिलं नाही.

रात्रीच्या जहाजाने आम्ही मुख्य भूमीवर आलो. अमाल्फी सुंदर आहे, हे सांगायला नको, आणि गर्दीने ते गुदमरलंय. पण चर्चच्या पायऱ्या चढून काशाच्या दारासमोर उभं राहिलं की हे चिमुकलं गाव एके काळी काय होतं ते समजतं. पांतालेओने या इथल्या व्यापाऱ्याने अकराव्या शतकात ते कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतवून समुद्रावरून आणलं. शेजारच्या ओवऱ्यांच्या कमानी एकमेकींत गुंफलेल्या, अरबी धाटणीच्या. वरच्या घळीत कागदाच्या जुन्या गिरण्या आहेत. पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे चिंध्या कुटत. ही विद्या अरबांकडून आली. फ्रेडरिकने १२३१ मध्ये सरकारी दस्त कागदावर करायला बंदी घातली, तरी अमाल्फीकर कागद करत राहिले.

पिसात माणसं कमी बोलतात आणि भरभर चालतात. तिथेही डाळीचं पीठ भेटलं: तेलात भाजलेला पातळ थापा, पावात घालून. मनोऱ्याला हात टेकल्याचे फोटो काढणाऱ्यांच्या पाठीशी कॅथेड्रल आहे, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर एक लॅटिन लेख. १०६३ मध्ये पिसाकरांनी पालेर्मोच्या बंदरात सहा मोठी भरलेली जहाजं पकडली, पाच जाळली, एक विकलं, आणि त्या पैशातून या भिंती उभ्या राहिल्या, असं तो लेख अभिमानाने सांगतो. याच कॅथेड्रलच्या छपरावर १८२८ पर्यंत काशाचा एक ग्रिफिन उभा होता, गरुडाच्या तोंडाचा, सिंहाच्या अंगाचा, मीटरभर उंच. त्याच्या अंगावर मालकाला शुभ चिंतणारी कूफी अक्षरं आहेत. आता तो संग्रहालयात आहे. पाठीवर कापडाची नक्षी कोरावी तशी बारीक वर्तुळं, आणि मानेवरची पिसं एकेक सुटी.

लेओनार्दो फिबोनाची याच गावचा. त्याचे वडील आजच्या अल्जीरियातल्या बुजी बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचं जकातीचं काम पाहत. मुलाला त्यांनी तिथे बोलावून हिशेब शिकायला घातलं. १२०२ मध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथाच्या आरंभी भारतीयांचे नऊ आकडे आणि शून्य मांडलंय, आणि पुढे पानंच्या पानं मिरी, कापड, चलनबदल यांची गणितं. आपले आकडे युरोपच्या चोपड्यांत शिरले ते असे, एका जकात नाक्यावरून.

लुटलेलं आणि मागवलेलं पिसात असं शेजारी शेजारी नांदतं. पण मला तिथे सर्वांत जवळचे वाटले ते वाडगे. इथल्या मध्ययुगीन चर्चच्या बाहेरच्या भिंतींत, विटांच्या मध्ये, चकचकीत झिलईचे वाडगे बसवत असत. ते ट्युनिशिया, ईजिप्त, स्पेन, सिसिली इथल्या मुसलमान कुंभारांचे, रोजच्या वापराचे, बाजारात विकत घेतलेले. पिसाच्या कुंभारांना तेव्हा तशी झिलई येत नव्हती. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ते ती शिकले आणि स्वतः करू लागले. एका वाडग्यावर तिकोनी शिडांचं जहाज आहे. कुंचल्याच्या थोडक्या फटकाऱ्यांत काढलेलं, पण दोर कुठून कुठे ताणलेत हे काढणाऱ्याला नेमकं माहीत होतं. काठाला एक टवका उडालाय, तिथे आतली माती दिसते, लालसर, भरड.

पिसाला जाणार असाल तर मनोरा पाहाच. पण एक दुपार आर्नोकाठच्या सान मात्तेओ संग्रहालयासाठी राखून ठेवा. चर्चच्या भिंतींत आता प्रतिकृती आहेत. खरे वाडगे इथे आहेत, आणि ते डोळ्यांच्या उंचीवर, जवळून पाहता येतात.